सर्व्हर कॉट बेसिसवर

पुण्यात शिकायला आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी तीन शब्द शिकावे लागतात : मेस, डिपॉझिट आणि कॉट बेसिस. मी सदाशिव पेठेत तीन वर्षं कॉट बेसिसवर काढली. एक खोली, चार कॉट, चार लोखंडी कपाटं, एक बाथरूम आणि खाली राहणाऱ्या घरमालकीण काकू. भाडं खोलीचं नाही, कॉटचं. काकूंचं गणित सरळ होतं. खोलीत एक जण राहिला तरी ट्यूब तेवढीच जळते, पंखा तेवढाच फिरतो. मग चार जण का नकोत?

या काकूंची इतक्या वर्षांनी आठवण झाली ती थेट आमच्या ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये.

आमचं ऑफिस कर्वे रोडला, चाळीस जणांचं. काम इंजिनिअरिंग डिझाइनचं. अॅडमिन माझ्याकडे. म्हणजे चहावाल्याच्या हिशोबापासून लाइटबिलापर्यंत जे कोणालाच नको असतं ते सगळं. एकदा बिल बघून बॉस म्हणाले, ‘‘अरे, आपण ऑफिस चालवतोय की पिठाची गिरणी?’’

शोध घेतला. दिवे एलईडीचे, रात्री पीसी बंद. मग गिरणी कुठे चालू होती? तर पॅन्ट्रीशेजारच्या त्या छोट्या खोलीत, जिथे एसी १८ वर असतो आणि आमचा सिस्टिमवाला मे महिन्यातही स्वेटर घालून बसतो.

आत सात सर्व्हर. एक ड्रॉइंगच्या फायलींसाठी, एक अकाउंट्ससाठी, एक हजेरीच्या मशीनसाठी, एक सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी, एक प्रिंटिंगसाठी, एक टेस्टिंगसाठी. आणि सातवा कशासाठी, ते कोणालाच माहीत नव्हतं! ‘‘मी जॉइन झालो तेव्हापासून आहे,’’ सिस्टिमवाला म्हणाला. एखाद्या वाड्यातल्या जुन्या भाडेकरूसारखा.

मग आम्ही कागदावर हिशोब मांडला. एक सर्व्हर साधारण १८० वॉट खातो. वर्षाचे तास ८,७६०. गुणाकार करा : जवळजवळ १,५७७ युनिट. त्यावर एसी आणि यूपीएसचे निम्मे धरा, म्हणजे २,३६५ च्या आसपास. गुणिले सात. साडेसोळा हजार युनिट! युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला एक लाख पासष्ट हजार रुपये. आणि एवढं करून हे सात जण दिवसभर करतात काय? सिस्टिमवाल्याने स्क्रीनवर दाखवलं. बहुतेकांचा प्रोसेसर पाच-सात टक्क्यांवर. बाकीचा वेळ नुसते जागे.

तुम्ही म्हणाल, काम नाही तर वीजही कमी खात असतील. इथेच तर गोम आहे! गूगलच्या लुईझ बारोसो आणि उर्स हॉल्झल यांनी २००७ साली एका लेखात हेच मांडलं होतं. बहुतेक सर्व्हर आयुष्याचा बराच काळ १० ते ५० टक्के क्षमतेवरच चालतात. आणि चांगला, कमी वीज खाणारा सर्व्हरही जवळजवळ काहीच काम नसताना पूर्ण क्षमतेच्या निम्मी वीज ओढतो. थोडक्यात, एकटा माणूस, चार कॉटची खोली आणि पंखा फुल स्पीडवर.

उपाय? कॉट बेसिस! कॉम्प्युटरवाले त्याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. एका दणकट मशीनवर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं. ही आपली घरमालकीण. ती एकाच मशीनचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वाटून देते आणि प्रत्येक भाडेकरूला वाटतं, अख्खी खोली आपलीच. आयडिया नवीन नाही. आयबीएमने १९७२ सालीच मेनफ्रेमवर व्हीएम/३७० आणलं होतं. साध्या पीसीवर हे १९९९ साली व्हीएमवेअरने आणलं आणि पुढे ते जगभरच्या ऑफिसांत पोचलं. मात्र २०२३ साली ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, एकदाच पैसे भरून मिळणारं कायमचं लायसन्स विकणं बंद केलं आणि आमच्यासारखी छोटी ऑफिसं पर्याय शोधू लागली. आम्ही प्रॉक्समॉक्स घेतलं. ते वापरायला फुकट आहे, सपोर्ट हवा असेल तर पैसे. सांगायचा मुद्दा, वीज वाचवायच्या हिशोबात लायसन्सचा खर्चही धरा. नाहीतर लाइटबिलात वाचवलेलं तिकडे जायचं.

दोन नवीन मशीन्स आली. दोन का? एक झोपलं तर दुसऱ्याने सगळ्यांना रात्रीपुरतं तरी सामावून घेतलं पाहिजे. म्हणून दोन्ही निम्म्याहून कमीच भरायची. इथे आधी संपते ती मेमरी, प्रोसेसर नाही.

सुरुवातीला वांधे झालेच. कॉट बेसिसवर राहिलेल्या कोणालाही विचारा, खरं भांडण कॉटवरून होत नाही, सकाळी आठला बाथरूमवरून होतं. आमच्याकडे रोज दुपारी एकला सगळं ढिम्म! कारण सगळ्या व्हर्च्युअल मशीन्सचा अँटिव्हायरस एकाच वेळी स्कॅनला बसायचा आणि डिस्क मात्र एकच. मग काकूंसारखे नंबर लावून दिले. तू रात्री अकराला, तू साडेबाराला. अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं हार्डवेअर लॉक लागायचं, ते नव्या मशीनला लावून त्या एकाच भाडेकरूच्या नावे करून दिलं. एसी १८ वरून २४ वर नेला. अमेरिकेतल्या अॅशरे या संस्थेने २००८ सालीच सांगून ठेवलंय की सर्व्हरमध्ये शिरणारी हवा २७ अंशांपर्यंत चालते. स्वेटर घरी गेला.

दोन महिन्यांनी बिल आलं. वाढलेलं!

मी तडक सर्व्हर रूममध्ये. दोन नवीन मशीन्स चालू आणि... सातही जुनी चालू. ‘‘असू दे म्हटलं जरा,’’ सिस्टिमवाला म्हणाला, ‘‘लागलं तर?’’ आपल्या प्रत्येकाच्या घरात असा एक माळा असतो. फरक इतकाच की माळ्यावरची जुनी इस्त्री लाइट खात नाही. नवीन आणल्याने एक युनिट वाचत नाही मंडळी, जुनं बंद केल्याने वाचतं. हे कुठल्याच ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं.

झालं, मी पेटलो. सहा जुनी एकेक करून बंद केली. राहिला सातवा. त्यावर काय आहे ते कळेना, त्याचा पासवर्ड कोणाकडे नाही. सिस्टिमवाल्यांची यावर एक पद्धत आहे : नेटवर्कची वायर काढायची आणि कोण ओरडतं ते बघायचं. मी काढली. मार्च महिना होता. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. कोणी ओरडलं नाही. मी बॉसना रुबाबात सांगितलं, ‘‘सातवा गेला, सर.’’

नवव्या दिवशी अकाउंट्सच्या काकांच्या स्क्रीनवर एरर आला. डेटा फाइल खराब. ‘‘असू दे, बॅकअप लावू,’’ सिस्टिमवाला म्हणाला आणि दोन मिनिटांनी पांढराफटक पडून परत आला. अकाउंट्सचा रात्रीचा बॅकअप सातव्यावर जायचा. वायर काढल्यापासून तो रोज रात्री फेल होत होता, रोज रात्री तसा मेलही जात होता. पण दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अॅडमिनच्या पत्त्यावर! सातवा ओरडत होता हो, ऐकायला कोणी नव्हतं.

मार्चची आठ दिवसांची व्हाउचर्स गेली. शनिवार-रविवार काका ऑफिसला आले. मी शेजारी बसून एकेक कागद वाचत होतो, ते टाइप करत होते. वय अठ्ठावन्न, पाठीला पट्टा. मला वाटलं होतं, चांगले झापतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. रविवारी संध्याकाळी शेवटचं व्हाउचर झाल्यावर चष्मा पुसत एवढंच म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी वायर काढण्याआधी मला विचारशील का रे?’’

मी विचारलं नव्हतं. लाखाची बचत दिसत होती, माणूस दिसत नव्हता.

सोमवारी पहिली गोष्ट केली ती वही. प्रत्येक मशीनसमोर चार रकाने : काय काम, कोणाचं, बॅकअप कुठे जातो, कधी बंद करायचं. आणि नियम केला : शंका असेल तर वायर काढण्याआधी बॅकअप घेऊन तो उघडून बघायचा आणि नंतर निदान एक महिनाअखेर जाऊ द्यायची. पगार, टॅक्स, बिलं, सगळं एकदा फिरून येतं. मग बंद.

आता बिल खरंच खाली आलंय. दोन मशीन्स प्रत्येकी २६० वॉटच्या आसपास, एसी-यूपीएस धरून वर्षाला ६,८०० च्या घरात युनिट. साडेसोळा हजारांच्या निम्म्याहूनही कमी.

पण गंमत ऐका. वर्षभरात आमचे सात भाडेकरू एकोणीस झाले! पूर्वी नवा सर्व्हर म्हणजे कोटेशन, बॉसची सही, टेम्पो. आता पाच मिनिटं, चार क्लिक. ‘जरा टेस्टिंगला हवाय’ म्हणून घेतात आणि विसरून जातात. कोळसा जपून वापरणारी इंजिनं आली की कोळशाचा एकूण खप वाढतो, असं इंग्लंडमध्ये जेव्हन्सने १८६५ सालीच लिहून ठेवलंय. असं दर वेळी होतंच असं नाही. २०१० ते २०१८ या काळात जगभरच्या डेटा सेंटर्समधलं काम कित्येक पटींनी वाढलं आणि वीज मात्र अंदाजे सहाच टक्क्यांनी. त्यात या कॉट बेसिसचा मोठा वाटा होता. पण ती सवलत संपत आलीये. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ साली डेटा सेंटर्सनी जगातली सुमारे दीड टक्का वीज वापरली आणि एआयमुळे हा आकडा झपाट्याने चढतोय.

‘मग सगळं क्लाउडवर टाका की,’ असं कोणीतरी म्हणणारच. टाका ना. तेही कॉट बेसिसच आहे, फक्त वाडा दुसऱ्याचा आणि भाडं तासावर. विसरलेल्या मशीनचं बिल तिथेही येतं.

म्हणून ती वही आता काकांच्या टेबलावर असते. सर्व्हर हवा असेल तर त्यांच्याकडे जायचं. परवा एक नवीन जॉइन झालेला मुलगा गेला. काकांनी वही उघडली, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘किती दिवस राहणार?’’

सदाशिव पेठेतल्या काकूंनी मला पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं.