रेट्रो ड्रिप कॉफी मेकर घ्यायचा का? रंग नंतर, आधी वॉट, लिटर आणि घरचं पाणी बघा

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि तेव्हापासून माझ्या फोनवर किचनच्या प्रत्येक वस्तूची जाहिरात "आता स्वस्त" म्हणत येते. त्यात जुन्या रेडिओसारखे दिसणारे, गोल कडांचे, पिस्ता किंवा क्रीम रंगाचे कॉफी मेकरही असतात. तेव्हा आधी हिशोब साफ करून घेऊ. इन्स्टंट कॉफीवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला, हे खरं. भाजून दळलेल्या कॉफी पावडरवर तो आधीपासून 5 टक्केच होता. आणि कॉफी मेकर हे विजेचं उपकरण 18 टक्क्यांत होतं, अजूनही 18 टक्क्यांतच आहे. म्हणजे मशीनवर सूट दिसत असेल तर ती कंपनीची किंवा विक्रेत्याची. जीएसटीचा त्याच्याशी संबंध नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे माझा शेगावचा चुलतभाऊ. पहिल्या पगारातून त्याने काकूसाठी असंच एक मशीन मागवलं. पिस्ता रंग, समोर गोल काटा, मस्त दिसणारं. तिसऱ्या महिन्यात त्याचा फोन आला, "दादा, मशीन नुसतं गुरगुरतंय, पाणी वरच चढत नाही." खामगावला घरी आलो होतो, म्हणून एका रविवारी गेलो आणि प्लग काढून खालचं झाकण उघडलं.

आतमध्ये रेट्रो काहीच नव्हतं. किंवा असं म्हणा, सगळंच रेट्रो होतं. विजेवर चालणारा पहिला ड्रिप कॉफी मेकर 1954 मध्ये जर्मनीत आला, त्याचं नाव विगोमॅट. कागदी फिल्टर त्याहून जुना, ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी 1908 मध्ये पेटंट घेतलेला. आज बाजारात असलेल्या बहुतेक साध्या ड्रिप मशीनचा गाभा अजूनही तोच आहे. पाण्याची टाकी, तिच्याखाली एकाच दिशेने पाणी सोडणारा छोटा व्हॉल्व्ह, मग घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली ॲल्युमिनियमची नळी आणि तिला चिकटून हीटिंग कॉइल. नळीतलं पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे त्याला वर ढकलतात. पंप नाही, मोटर नाही. ते पाणी पावडरवर पडतं, फिल्टरमधून गाळून काचेच्या भांड्यात येतं. तीच कॉइल खालची प्लेटही गरम ठेवते. दोन हजारांचं मशीन असो की वीस हजारांचं, बाहेरच्या रंगाने यात काही बदलत नाही. महाग मशीनमध्ये कधीकधी कॉइल जास्त ताकदीची असते, पाणी पावडरवर सगळीकडे सारखं पडतं, टायमर असतो. त्याचे पैसे द्यायला हरकत नाही. फक्त ते लिस्टिंगमध्ये लिहिलेलं आहे का ते बघा.

आणि तिथेच एक आकडेमोड कामाला येते. पाणी 25 अंशांवरून 95 अंशांवर न्यायला लिटरमागे साधारण 293 किलोज्यूल ऊर्जा लागते. यातून एक सोपं सूत्र निघतं: लिटर गुणिले 5, भागिले किलोवॉट, म्हणजे साधारण मिनिटं. थोडी उष्णता वाया जाते, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ जरा जास्तच लागतो. ड्रिप कॉफीसाठी पाणी आणि पावडर 4 ते 8 मिनिटं एकत्र राहावी आणि पाणी 90 ते 96 अंशांच्या आसपास असावं, असा जाणकारांचा संकेत आहे. आता 0.6 लिटर आणि 600 वॉटचं मशीन घ्या. 5 मिनिटं, म्हणजे ठीक. पण 1.2 लिटर आणि तेच 600 वॉट असेल तर 10 मिनिटं. पूर्ण भांडं भरून केलेली कॉफी कडू होणारच. मोठं भांडं दिसलं की आपल्याला फायदा वाटतो, पण वॉट तेवढेच असतील तर ते मशीन पाहुणे आल्यावर तुम्हाला तोंडघशी पाडेल.

यात आपल्याकडची एक गोष्ट मिसळा, व्होल्टेज. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. 230 ऐवजी 190 व्होल्ट आले तर 600 वॉटचं मशीन 410 वॉटच्या आसपास चालतं आणि 5 मिनिटांचं काम 7 मिनिटांवर जातं. शेतीपंपांचा लोड असताना गावात दिवे मंद होतात तेव्हा हेच होत असतं. मशीन बिघडलेलं नसतं. (अमेरिकेतल्या नातेवाइकाने 120 व्होल्टचं मशीन आणलं असेल तर उलटा धोका. आपल्या प्लगला थेट लावलं तर जवळपास पावणेचार पट ताकद ओढेल आणि जळेल. नुसता पिन बदलणारा ॲडॉप्टर इथे कामाचा नाही.)

परत शेगावच्या मशीनकडे. नळीचं तोंड पांढऱ्या क्षाराने जवळजवळ बुजलं होतं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो आणि त्याने बोअरचं पाणी थेट टाकीत भरलं होतं. पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेटचा थर नळीच्या आतून बसत जातो. नळी अरुंद होते, बुडबुड्यांना पाणी ढकलता येत नाही, मशीन गुरगुरतं. कॉइल जास्त तापत राहिली तर आतला सुरक्षेचा फ्यूज उडतो आणि मग दुरुस्तीच. हे मशीन कुठल्याही कंपनीचं असतं तरी झालं असतं. राग आला तो एवढ्याचाच, की पाण्याबद्दलची सूचना माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात होती.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतो. कॉफीसाठी मात्र 150 च्या आसपास चांगला मानतात. टीडीएसचा पेन मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, पण त्याची मर्यादा माहीत असू द्या: तो एकूण विरघळलेले क्षार सांगतो, कोणते ते सांगत नाही. खारपाणपट्ट्यात सोडियमचे क्षार खूप असतात. त्याने चव खारट होते, पण नळी बुजत नाही. नळी बुजवतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. साबणाला फेस येत नसेल, तव्यावर किंवा गिझरमध्ये पांढरा थर दिसत असेल तर तुमचं पाणी जड आहे, मीटर काहीही म्हणो. जारचं आरओ पाणी वापरलं की मशीन टिकतं. टीडीएस फारच उतरलेला असेल तर कॉफी बेचव लागते, पण नळी बुजण्यापेक्षा ते परवडलं.

आम्ही किराणा दुकानातून लिंबूसत आणलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. एक लिटर पाण्यात दोन चमचे विरघळवून टाकीत भरलं, अर्धं पाणी वर चढेपर्यंत चालवलं, बंद करून अर्धा तास ठेवलं, मग उरलेलं चालवलं. दोनदा करावं लागलं. नंतर नुसत्या पाण्याच्या तीन फेऱ्या. मशीन चालू झालं. जड पाणी वापरणार असाल तर हे महिन्यातून एकदा कराच.

मशीन चालू झालं, पण काकूचं मत बदललं नाही. "हे तर काळं पाणी आहे रे," असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती आणि तिचं बरोबर आहे. आपल्या घरात कॉफी म्हणजे फेटलेली, नाहीतर दूध आटवून जायफळ घातलेली. ड्रिप मशीनची कॉफी लिटरला 55 ते 60 ग्रॅम पावडरीची, म्हणजे काळीच प्यायची. त्यात दूध घातलं की पातळ होते. दाक्षिणात्य स्टीलच्या फिल्टरचं डिकॉक्शन कितीतरी घट्ट असतं, म्हणून ते दूध पेलतं. यावर उपाय आहे: पावडर तेवढीच ठेवा, पाणी अर्धं करा आणि दूध वेगळं तापवून घाला. टाकीत दूध कधीही घालू नका. आणि चिकोरी मिसळलेली बारीक फिल्टर कॉफी या मशीनमध्ये टाकलीत तर बास्केट तुंबून पाणी बाहेर सांडतं. पावडर मध्यम रव्याएवढी जाड हवी, दुकानात तसं सांगून दळून घ्या. चिखलदऱ्याला फिरायला गेलात तर कॉफीची झाडंही बघता येतील. आपल्या विदर्भात कॉफी पिकते हे अनेकांना माहीत नसतं.

खरा खर्च मशीनचा नाहीच, पावडरीचा आहे. 0.6 लिटरला 35 ग्रॅम, म्हणजे 250 ग्रॅमचं पाकीट सात वेळा. पाकीट समजा 450 रुपयांचं असेल तर एका खेपेला 64 रुपये. विजेचा खर्च त्यापुढे किरकोळ, कॉफी गाळायला 0.05 युनिटच्या आसपास. आणि पावडरीची किंमत आपल्या हातात नाही. ब्राझील आणि व्हिएतनाम हे जगातले दोन सगळ्यात मोठे उत्पादक. तिथल्या दुष्काळाने आणि कमी पिकाने फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला 4 डॉलरच्या वर गेली. ऑगस्टमध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं, त्यात कॉफीही आली. नोव्हेंबरमध्ये कॉफी त्यातून वगळली. भारतातली निम्म्याहून जास्त कॉफी निर्यात होते, त्यामुळे तिकडच्या भावाची झळ आपल्या पाकिटापर्यंत पोहोचतेच.

मग घ्यायचा का? रोज दोन-तीन जण काळी किंवा कमी दुधाची कॉफी पिणारे असतील, घरात जारचं किंवा आरओ पाणी असेल, तर घ्या. रेट्रो आवडत असेल तर रेट्रो घ्या, पण वरच्या सूत्रात 8 मिनिटांच्या आत बसणारा. ऑर्डर करण्याआधी आणखी एक काम करा: काचेचं भांडं सुटं मिळतं का आणि जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे, ते कंपनीच्या साइटवर शोधा. भांडं फुटलं आणि सुटं मिळालं नाही तर अख्खं मशीन शोपीस होतं. दूध-कॉफीवालं घर असेल तर स्टीलचा फिल्टर बरा. त्यात बुजायला नळी नाही आणि लाइट गेली तरी तो चालतो.

भावाने परवा तोच मागवला. पिस्ता मशीन ओट्यावरच आहे, रविवारी जारच्या पाण्यावर चालतं, आणि काकू त्यातली कॉफी पिते ती जायफळ किसूनच.