‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणजे फाइल गेली असे नाही; फॉरमॅटची घाई नको!

फोल्डरची परवानगी चुकून बदलली की कॉम्प्युटर आपल्यालाच आत घेत नाही. अशा वेळी आधी काय पाहावे, काय करावे आणि काय अजिबात करू नये?

इंजिनीअरिंगला असताना मी घरच्या कॉम्प्युटरवर एक उद्योग करून ठेवला होता. धाकट्या भावाने माझ्या फोल्डरमध्ये हात घालू नये म्हणून परवानग्यांच्या यादीत ‘एव्हरीवन’ निवडले आणि ‘डिनाय’वर टिक केली. पुढच्या क्षणी फोल्डर मलाही उघडेना. आत माझा प्रोजेक्ट होता आणि बाबांच्या पेन्शनची स्कॅन केलेली कागदपत्रेही. दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटांत निकाल दिला, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ बाबा म्हणाले, ‘उद्या बघू.’ त्या रात्री शोधाशोध करून ती एक टिक काढली आणि सगळे जागच्या जागी सापडले.

नेमके काय घडते?

विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फोल्डरसोबत एक यादी असते. कोणी उघडायचे, कोणी बदलायचे, कोणी पुसायचे, हे तिच्यात लिहिलेले असते. सोसायटीच्या वॉचमनला चुकीची यादी दिली, तर तो घरमालकालाही गेटवर अडवतो. घरातले सामान मात्र कुठेच जात नाही. तसेच हे.

लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन. ‘एव्हरीवन’मध्ये तुम्हीही येता. आणि एकाच फोल्डरवर ‘अलाऊ’ आणि ‘डिनाय’ दोन्ही असतील, तर ‘डिनाय’ जिंकतो. आतले फोल्डर वरच्याच परवानग्या घेतात, म्हणून एका क्लिकने हजारो फाइल बंद होऊ शकतात.

तुमचे स्वतःचे फोल्डर असेल तर

१. ॲडमिन अकाउंटने लॉगइन करा. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘सिक्युरिटी’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ उघडा.
२. यादीत तुम्ही टाकलेली ‘डिनाय’ नोंद असेल, तर ती निवडून ‘रिमूव्ह’ करा. बहुतेक वेळा काम इथेच होते.
३. यादीच दिसत नसेल, किंवा जुन्या कॉम्प्युटरची डिस्क जोडल्यामुळे ‘अकाउंट अननोन’ दिसत असेल, तर वर ‘ओनर’समोरच्या ‘चेंज’वर जा. आपले युजरनेम लिहून ‘चेक नेम्स’ करा. आतल्या फाइलचीही मालकी बदलण्याच्या पर्यायावर टिक करा आणि ‘ॲप्लाय’ करा.
४. खिडकी बंद करून पुन्हा उघडा आणि ‘एनेबल इनहेरिटन्स’ दाबा. वरच्या फोल्डरच्या परवानग्या पुन्हा लागू होतील.

फाइल विंडोजच्या ईएफएस सोयीने एन्क्रिप्ट केलेल्या असतील, तर मालकी मिळूनही उघडणार नाहीत. त्यांची किल्ली तुमच्या जुन्या अकाउंटमध्ये असते. अशा वेळी फॉरमॅट मारला, तर किल्लीही जाते.

सी ड्राइव्ह किंवा ‘विंडोज’ फोल्डर असेल तर

इथे वरचे उपाय करू नका. विंडोजच्या बऱ्याचशा महत्त्वाच्या फाइलची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’कडे असते, तुमच्याकडे नाही. ती आपल्या नावावर करून घेतली, की अपडेट अडणे, ॲप न उघडणे असे नवे त्रास सुरू होतात.

सर्वात आधी कामाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. डिस्कला बिटलॉकर असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. दुरुस्तीच्या वाटेवर ती मागितली जाऊ शकते. मग चूक होण्याआधीच्या तारखेचा रिस्टोअर पॉइंट असल्यास ‘सिस्टम रिस्टोअर’ करून पाहा. ते जमले नाही, तर विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘रिकव्हरी’ या वाटेने विंडोज अपडेटद्वारे दुरुस्तीचा पर्याय मिळतो. त्यात विंडोज पुन्हा बसते, पण फाइल आणि ॲप राहतात. त्यानेही भागले नाही, तर ‘रिसेट धिस पीसी’मधील ‘कीप माय फाइल्स’. यात ॲप मात्र पुन्हा टाकावे लागतात.

हे टाळाच

वैतागून ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देणे हा उपाय नाही. त्याने कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक अकाउंटला त्या फाइल बदलायला आणि पुसायला मोकळीक मिळते. एका क्लिकवर मालकी मिळवून देणारी अनोळखी टूल्सही डाउनलोड करू नका.

मुळात परवानगी म्हणजे तिजोरी नव्हे. दुसरा ॲडमिन मालकी घेऊन फोल्डर उघडू शकतो. भावंडांपासून फाइल वेगळ्या ठेवायच्या असतील, तर प्रत्येकाचे वेगळे साधे अकाउंट करा; खरोखर गोपनीय असतील, तर एन्क्रिप्शन वापरा.

दुरुस्तीला देताना एकच प्रश्न आधी विचारा, ‘माझ्या फाइल आधी कॉपी करून देणार का?’ फॉरमॅट मारणे दुकानदारासाठी अर्ध्या दिवसाचे काम असते. लग्नाचे फोटो, मार्कशीट आणि पेन्शनचे कागद मात्र आपले जातात. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे. तो पहिला म्हणून सांगितला, तर ‘उद्या बघू’ म्हणून कॉम्प्युटर घरी आणा.