सोसणाऱ्यांचा हिशेब

अभ्यास-शिबिर असो वा तालुका कार्यकारिणीची बैठक असो, एक तक्रार हमखास कानी पडते. "आम्ही पत्रके वाटतो, सभा घेतो, पायपीट करतो, परंतु ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते लोकच उठत नाहीत. त्यांना अन्यायाची सवय झाली आहे." ही तक्रार करणारा कार्यकर्ता प्रामाणिक असतो, थकलेलाही असतो. तरीही त्याचे हे निदान चुकीचे आहे, असे आम्हांस वाटते. आणि निदानच चुकले तर उपाय लागू पडत नाही.

डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांचे उदाहरण घ्यावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेल्या आणि स्वतःच कसलेल्या जमिनीवर ते कुळे होऊन राहिले. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी सुगीला वाढीव मापाने फेडायची, खंड घालायचा, आणि बोलावणे येताच स्वतःची लावणी टाकून मालकाच्या शेतावर वेठीला जायचे, हा त्यांचा वर्षाचा क्रम होता. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण 'लग्नगडी' होई. तो बायकोसह सावकाराच्या दारी बांधला जाई. कर्ज फिटले की नाही हे जी वही सांगे, ती वहीही सावकाराचीच असे.

अशा माणसाला पाहून शहरातला पाहुणा काय म्हणे? हे लोक भित्रे आहेत, आळशी आहेत, दारूत बुडालेले आहेत! वस्तुतः पाहुण्याला जे दिसत नसे, ते वारल्याला पक्के ठाऊक होते. फौजदार कोणाच्या ओटीवर बसतो, साक्ष कोणाची खरी मानली जाते, एकट्याने 'नाही' म्हटले तर संध्याकाळी काय घडते, याचा हिशेब त्याने पाठीवर वळ उमटवून घेऊन शिकलेला होता. म्हणून तो उघड नकार देत नसे. तो कामात हात आखडता घेई, विचारल्यास 'ठावं नाही' म्हणे, फारच झाले तर रान गाठी. एकट्या माणसाला परवडणारा प्रतिकार एवढाच असतो. त्याला आळस म्हणणे ही मालकाची भाषा झाली. ती आपल्या तोंडी शोभत नाही.

किसान सभेच्या वतीने शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आल्यावर २३ मे १९४५ रोजी झरी या गावी परिषद भरली. सुमारे पाच हजार वारली तेथे जमले. त्यांनी काय ठरवले, हे आजच्या कार्यकर्त्याने लक्षपूर्वक पाहावे. वेठ करायची नाही. रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खासगी शेतावर पाऊल ठेवायचे नाही. मारहाण झाल्यास सर्वांनी मिळून तोंड द्यायचे. गेलेली जमीन परत द्या, ही मागणी तेथे अग्रभागी नव्हती. अर्थशास्त्राच्या पुस्तकानुसार प्रश्नाचे मूळ जमिनीत होते, आणि ते खरेही आहे. परंतु अन्याय माणसाला मुळापासून जाणवत नाही. तो जेथे रोज बोचतो तेथून जाणवतो. वारल्याला तो स्वतःच्या शरीरावर जाणवत होता. हे हात माझे आहेत की मालकाचे, हा त्याचा पहिला प्रश्न होता. शिवाय जमीन परत देणे मालकाच्या हाती होते; वेठ नाकारणे मात्र सर्वस्वी वारल्यांच्या हाती होते. पहिली लढाई कोठे द्यावी, हे त्यांना कळत होते.

तो निरोप पाड्यापाड्यांतून फिरला आणि वेठ बंद पडली. लग्नगडी मोकळे झाले. भीती व्याख्यानांनी गेली नाही. सर्वांनी मिळून एकदा नकार दिला आणि दुसऱ्या दिवशीही आपण जिवंत आहोत, हे पाहिल्यावर ती ओसरली. पुढे गवतकापणीच्या दरासाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या जनसमुदायावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. ज्यांना भित्रे म्हटले जात होते, ते त्यानंतरही संपातून हटले नाहीत. वेठबिगारी निर्मूलनाचा देशव्यापी कायदा मात्र १९७६ साली आला, हेही ध्यानी ठेवावे.

गोदावरीबाईंनी हा इतिहास 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिला आहे. नाव सार्थच आहे. परंतु त्यावरून तोवर तो माणूस झोपला होता, असा अर्थ कोणी काढू नये. तो जागाच होता. फक्त एकटा होता.

अर्थात सोसण्याचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. अन्याय माणसाला आतून पोखरतो. मालकाने दिलेले कमीपण तो हळूहळू खरे मानू लागतो, आणि वर काढता न येणारा राग घरात, बायकोच्या पाठीवर निघतो. १९७० नंतरच्या दशकात शहाद्याच्या आदिवासी मजूर चळवळीत स्त्रिया पुढे आल्या, तेव्हा त्यांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. मजुरीच्या लढ्याइतकाच हा लढा त्यांना निकडीचा वाटत होता. पीडितांमध्येही अधिक पीडित असतात, आणि दुखते कोठे हे सांगण्याचा अधिकार प्रथम त्यांचा असतो.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि नवरा-बायको मिळून 'एक कोयता' म्हणून मोजले जातात. कामावर खाडा झाला तर पैसे कापले जातात. राज्य सरकारने २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील तेरा हजारांहून अधिक ऊसतोडणी कामगार स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. यांपैकी किती जणींनी खाडा टाळण्यासाठी आणि पाळीचा त्रास चुकवण्यासाठी शस्त्रक्रियेला होकार दिला असेल, याचा विचार करावा. उचल फिटत नाही, खाडा चालत नाही, तेव्हा अंगाचा भागच काढून टाकायचा! यास संमती म्हणायचे काय? हाही अन्यायाला दिलेला प्रतिसादच आहे. परंतु तो एकटीने दिलेला आहे, म्हणून त्याची किंमत तिच्याच देहाने मोजली.

म्हणून कार्यकर्त्यांना आमची विनंती एवढीच आहे. लोक का उठत नाहीत, हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा. ते आज अन्यायाला कसे तोंड देत आहेत, हे प्रथम विचारावे. आणि विचारून झाल्यावर मध्येच न बोलता ऐकावे. वाडीत, तांड्यावर, फडावर बसून त्यांचा हिशेब समजून घ्यावा. सभेला दहाच माणसे आली, तर न आलेल्या नव्वदांना काय गमवावे लागले असते, याची चौकशी करावी. मग आपल्या मागण्यांची यादी पुढे करावी आणि त्यांतली पहिली कोणती, हे त्यांना ठरवू द्यावे. एकट्याने दिलेला नकार मालकाला मोडता येतो. तो नकार सर्वांचा व्हावा, यासाठी झटणे हेच आपले काम आहे.