पॉलिशवाल्याचे पैसे कापण्याआधी

नव्या फ्लॅटचं फर्निचर होत आलं की एक भांडण हमखास होतं. वॉर्डरोबचा एक दरवाजा गडद, शेजारचा फिका, मधेच ढगांसारखे डाग. मग पॉलिशवाल्याला झापायचं आणि त्याचा शेवटचा हप्ता अडकवायचा. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा हा अन्याय असतो. रंग बिघडायची तयारी तो घरात यायच्या आधीच झालेली असते.

व्हीनिअर म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर खरं लाकूड, खाली प्लाय. स्टेन त्या पापुद्र्यात किती मुरतो यावर रंग ठरतो. सुताराचं फेविकॉलचं बोट जिथे लागलं तिथे तो मुरतच नाही, फिका ठिपका राहतो. कोऱ्या व्हीनिअरवर हा ठिपका दिसत नाही, पण टर्पेंटाइनचं ओलं फडकं फिरवलं की लगेच उठून दिसतो. दोन मिनिटांचं काम, करत कोणी नाही. एका दरवाजाला 180 नंबरचा पॉलिशपेपर मारला आणि दुसऱ्याला 320, तर एकाच डब्यातून दोन रंग निघणार, कारण गुळगुळीत लाकूड स्टेन कमी धरतं. रेषांना आडवं घासलं की ओरखडे काळे होऊन वर येतात. बरं, डाग घालवायला जास्त घासावं तर खालचा प्लाय डोकावतो. इथे अनडू नाही :)

एका प्रकारात मात्र कोणाचीच चूक नसते. बुकमॅच शीटमध्ये एकाआड एक पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटा लावलेला असतो. लाकूड पात्याने कापताना पापुद्र्याच्या एका बाजूला बारीक तडे जातात आणि ती बाजू स्टेन जास्त पिते. म्हणून एक पट्टा गडद, एक फिका. हे नको असेल तर दुकानातच स्लिपमॅच शीट मागायचं.

डागाळणाऱ्या लाकडावर उपाय आहे. लिटरभर स्पिरिटमध्ये 100 ग्रॅमच्या आसपास मेण काढलेली चपडी लाख विरघळवून स्टेनआधी एक पातळ हात द्यायचा. मग लाकूड सगळीकडे साधारण सारखं पितं. रंग जरा फिका येतो, पण पुढच्या पारदर्शक कोटातच थोडा रंग मिसळून तो गडद करता येतो. बर्च, मेपलला हे हवंच. साग किंवा ओकला सहसा लागत नाही.

आणि नमुना! कॅटलॉगमधला नव्हे. आपल्याच शीटच्या तुकड्यावर, दरवाजांना मारला तोच पेपर मारून, शेवटच्या कोटापर्यंत. खिडकीत बघा, रात्री दिव्याखाली बघा. पण वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते, म्हणून आपण नेमके हेच दोन दिवस कापतो.

पुढे डाग निघाले की सापडतो तो पॉलिशवाला, कारण सुतार तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. तेव्हा हप्ता अडकवायचाच असेल तर सुताराचा अडकवा, तोही टर्पेंटाइनचं फडकं फिरवून होईपर्यंतच.