कपाटाआडची आन्हेला

मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं काचसामानाचं कपाट एके दिवशी दारासारखं उघडलं आणि पलीकडे पाहुण्यांची खोली निघाली तर? हसू नका. स्पेनमधल्या एका जुन्या नाटकात अगदी हेच होतं. काल्देरॉन या नाटककाराचं ते १६२९ सालचं नाटक. नाव 'ला दामा दुएन्दे', म्हणजे आपल्या भाषेत 'भुताटकी करणारी बाई' म्हणा ना!

नायिका आन्हेला, ऐन तारुण्यात विधवा झालेली. नवरा सरकारी वसुलीचा कारभार बघायचा, तो देणी मागे ठेवून गेला. हिशेब मिटवायला ती माद्रिदला येते आणि हुआन व लुईस या भावांकडे राहते. राहते कसली, लपवून ठेवतात तिला! ती घरात आहे हे बाहेर कुणाला कळता कामा नये. नवरा एक गेला आणि पहारेकरी दोन आले, हे तिचं दुखणं. एकदा ती तोंड झाकून गुपचूप मौज बघायला बाहेर पडते, तर एक गृहस्थ मागेच लागतो. कोण असेल? तिचाच भाऊ लुईस! बहिणीला कोंडून ठेवणारा हा सद्गृहस्थ रस्त्यातल्या अनोळखी बाईचा मात्र पिच्छा सोडत नाही.

त्यातच हुआन आपल्या मित्राला, मान्वेलला, घरी उतरवतो. पाहुण्याला सुगावा लागू नये म्हणून मधल्या दारावर काचेच्या भांड्यांचं कपाट बसवलेलं असतं. एवढ्या नाजूक मांडणीमागे वाट असेल असं कुणाला वाटणार? पण ते सरकतं, हे मोलकरणीला, इसाबेलला, ठाऊक असतं. (अशा गोष्टी मोलकरणींनाच आधी कळतात, नाही का?) मग काय! पाहुणा बाहेर गेला की दोघी आत. सामान उचकटतात, उशाशी चिठ्ठी ठेवतात, नोकराच्या थैलीतले पैसे काढून कोळसे भरतात. नोकर भुताच्या नावानं लटलट कापतो. मान्वेलचा भुताखेतांवर विश्वास नाही, पण चिठ्ठ्यांना उत्तरं मात्र लिहितो!

हे बघायला बायका येत. त्या काळी माद्रिदमध्ये नाटकं घरांच्या मधल्या उघड्या चौकात होत. बायकांसाठी रंगमंचासमोर, मागच्या अंगाला वेगळा सज्जा असे, जायचं दारही वेगळं. त्या सज्जाचं नाव 'कासुएला', म्हणजे कालवण शिजवायचं पसरट मातीचं भांडं! गर्दी एवढी की बायकांना दाटीवाटीनं बसवायला माणूस नेमलेला असे. खेळ पसंत पडला नाही की त्या किल्ल्या खुळखुळवत. कमरेच्या किल्ल्यांचा हा उपयोग मला तरी सुचला नव्हता बाई! स्त्रियांना रंगमंचावर काम करायची परवानगी १५८७ साली मिळाली, तीही नटी विवाहित हवी आणि नवरा बरोबर हवा या अटीवर. म्हणजे रंगमंचावर बायका आणि समोर सज्जातही बायका. त्यांची मर्जी सांभाळल्याशिवाय नाटककाराचं चालणार कसं?

म्हणूनच की काय, या नायिका एकीपेक्षा एक. तिर्सो दे मोलिनाची हुआना वचन मोडणाऱ्या प्रियकराचा माग काढत हिरवी तुमान घालून पुरुषवेषात माद्रिदला येते आणि त्यानं घेतलेलं खोटं नाव स्वतःच घेऊन बसते. लोपे दे वेगाची डायाना तर सरदारीण. चिटणिसावर मन जडलंय, पण कबूल करवत नाही. आणि त्याला दुसरीचंही होऊ देत नाही. एकदा त्याला अशी थप्पड मारते की नाकातून रक्त येतं. मग त्याचा तो रुमाल स्वतः मागून घेते आणि नवे शिवायला भली मोठी रक्कम देते! शेवटी एक चलाख नोकर त्या चिटणिसाला खोटंच खानदान मिळवून देतो. तो सगळं खरं सांगून टाकतो, तरी ही लग्न करते.

पण आन्हेलाच माझ्या मनातून जात नाही. कारण याच काल्देरॉनचं दुसरं एक नाटक आहे. त्यात नवरा नुसत्या संशयावरून, अब्रूच्या नावाखाली, शिरा कापणाऱ्या वैदूला घरी आणून निर्दोष बायकोचं सगळं रक्त वाहवून तिला मारतो. राजा त्याला शिक्षा करत नाही, उलट त्याचं दुसरं लग्न लावून देतो. तीच अब्रू, तसेच बंद दरवाजे. ते वाचल्यावर मी पुन्हा आन्हेलाकडे वळले, तेव्हा आधीसारखं हसू येईना. शेवटी लुईसला सगळं कळतं, तेव्हा तो तलवार घेऊनच येतो. आन्हेला मान्वेलला सारं काही सांगून टाकते. यजमानाचं मीठ खाल्लेलं, आणि समोर त्याचीच बहीण आसरा मागतेय! तो तिचा हात धरतो, लग्नाला होकार देतो, तेव्हा कुठे भाऊ शांत होतात.

भावांच्या घरातून बाहेर पडायचं, तेही नवऱ्याचा हात धरूनच, हे मला खटकतं. मान्वेल भला आहे, तरी खटकतं. पण त्याला तिनंच निवडलंय, बरं का. चिठ्ठ्या लिहून, त्याचं सामान तपासून, भुताला तो भितो की नाही हेसुद्धा बघून! आपल्यापैकी कितीजणींना लग्नाआधी नवऱ्याची पेटी उघडून बघायला मिळाली होती?