‘वाया गेलेला’ मुलगा

‘वाया गेला’ हे शब्द आपल्या घरांतून फार सहज उच्चारले जातात. मुलाच्या खिशात गुटख्याची पुडी सापडली, रुमालाला पंक्चरच्या सोल्यूशनचा वास आला, की आपण संगतीला बोल लावतो, काळाला बोल लावतो आणि हा शिक्का मारून मोकळे होतो. संगतीचा दोष आम्हांस नाकारावयाचा नाही. परंतु एकाच संगतीतील दहा मुले एखादी वस्तू चाखून पाहतात आणि त्यांतील एखादेच तीत रुतते. तेच का रुतते, हा खरा प्रश्न होय.

या प्रश्नावर अमेरिकेतील एका पाहणीने मोठा प्रकाश टाकला. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी, डॉ. रॉबर्ट आंडा व त्यांचे सहकारी यांनी ती १९९८ साली प्रसिद्ध केली. सॅन डिएगो येथील सुमारे साडेनऊ हजार प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारण्यात आले. मारहाण, मानहानी वा लैंगिक अत्याचार सोसावे लागले काय? घरात आईला मार पडत असे काय? कोणी व्यसनी, मनोरुग्ण वा तुरुंगात गेलेले होते काय? अशा सात प्रकारच्या आघातांपैकी चार वा अधिक ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांना दारूचे व्यसन, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, आघात मुळीच न सोसलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट आढळला. ही माणसे आरोग्यविमा असलेली, बहुतांशी मध्यमवर्गीय होती, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. ‘आपल्यासारख्यांच्या घरी असे नसते’, या समजुतीत फारसा अर्थ नाही.

असे का व्हावे? ज्या घरात संध्याकाळी दाराची कडी वाजताच छातीत धडकी भरते, तेथील मूल सदैव सावध राहावयास शिकते. पुढे धोका टळला, तरी मनातील ती घंटा वाजतच राहते. झोप लागत नाही, अभ्यासात चित्त ठरत नाही. अशा वेळी नशेची एखादी वस्तू घटकाभर ती घंटा थांबविते. इतरांना जी मौज, ती याला औषध वाटते. शिवाय, मोहाला आवर घालणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. म्हणून कोवळ्या वयातील सवय खोल रुजते.

आपल्या देशातील चित्रही विचार करावयास लावणारे आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, हुंगावयाच्या नशेचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. मुलांनी प्रौढांना मागे टाकलेली ही एकच नशा. कारण उघड आहे: ती स्वस्त आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

शाळांतून अशा वेळी मुलाच्या हाती दाखला देण्याची रीत आहे. इतर मुलांची काळजी पालकांना वाटणे रास्तच. परंतु ज्याला घरी थारा नाही, त्याचा शाळेचाही थारा काढून घेतल्यावर उरते काय? वस्तू पुरविणाऱ्याची ओसरी तेवढी उरते! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. शिक्षा करावयाचीच, तर ती विकणाऱ्यास व्हावी. मुलाला मादक पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

येथे एक सावधगिरी हवी. आघात सोसलेले प्रत्येक मूल व्यसनी होत नाही, आणि प्रत्येक व्यसनी मुलाच्या घरी अत्याचार असतोच असे नाही. तेव्हा मुलाला सोडून आई-बापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात अर्थ नाही. विश्वासाचे एक तरी वडीलधारे माणूस लाभले, तर पुष्कळ मुले सावरतात. ते माणूस आजी असेल, मामा असेल, वर्गशिक्षकही असेल.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे. असे काही नजरेस आले, तर ‘हे तू का केलेस?’ असे दरडावण्याऐवजी, चार माणसांदेखत नव्हे तर एकांतात, ‘तुला काय झाले आहे?’ असे विचारावे. उत्तर पहिल्या दिवशी मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. उपदेश राखून ठेवावा. व्यसनासोबत मूळ दुखण्यावरही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहेत. ते घरातील दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावेत. आपल्या घरी लागले नाहीत, तरी शेजारच्या घरी लागतील.