यंत्रमानव आणि गुडघ्याचे बिल

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, आणि ‘गुडघेबदल’ हा शब्द घरोघरी पोहोचला. न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांचे नाव त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी होते. आता शहरांतील जाहिरातींत शल्यचिकित्सकाच्या शेजारी यंत्रमानव उभा दिसतो. संधिवाताने जिना चढणे अशक्य झालेल्या रुग्णाने या यंत्रासाठी अधिक पैसे मोजावेत काय, हा प्रश्न त्यामुळे अनेक कुटुंबांपुढे आला आहे.

मुळात ‘रोबोटिक’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. सध्याच्या बहुतेक प्रणालींत यंत्र स्वतःहून शस्त्रक्रिया करीत नाही. काही प्रणालींत आधी सीटी स्कॅन काढून गुडघ्याचे त्रिमित चित्र तयार केले जाते, तर काहींत शस्त्रक्रियेच्या वेळीच हाडाच्या पृष्ठभागाची नोंद घेतली जाते. मांडीच्या व नडगीच्या हाडांत बारीक पिना रोवून त्यांवर खुणा बसवितात, कॅमेरा त्या टिपतो आणि करवत ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नये याची काळजी यंत्र घेते. हाड किती कापायचे आणि स्नायुबंधांचा ताण कसा राखायचा, हा निर्णय डॉक्टरांचाच असतो.

या पद्धतीने काप अधिक अचूक होतो, याबद्दल फारसे दुमत नाही. परंतु एक्स-रेवरील अचूकता म्हणजे रुग्णाचे समाधान नव्हे. नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतरही सुमारे पाचांपैकी एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो, आणि हेच दुखणे यंत्र दूर करील अशी आशा दाखविली जाते. दक्षिण कोरियात तेराशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. दहा वर्षांहून अधिक काळानंतर दोन्ही गटांत गुडघ्याचे कार्य आणि सांध्याचा टिकाऊपणा यांत लक्षणीय फरक आढळला नाही. ते यंत्र जुन्या पिढीचे होते, हा आक्षेप रास्तच आहे. मात्र नव्या यंत्रांना तितकी वर्षे झालेलीच नाहीत. तेव्हा ‘जास्त टिकेल’ ही हमी आज कोणत्या आधारावर दिली जाते, असे डॉक्टरांना विचारण्यात काहीच गैर नाही.

अर्थकारण याहून गुंतागुंतीचे आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो सांधा सरासरी १,५८,३२४ रुपयांच्या छापील किमतीला मिळे, त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली. सर्वसामान्यांना हा मोठा दिलासा होता. परंतु ही मर्यादा सांध्यापुरती आहे. शस्त्रक्रियागृह, खोली आणि यंत्राचा वापर यांचे दर रुग्णालयच ठरविते. कोट्यवधींचे यंत्र घेतले की त्याचा खर्च शस्त्रक्रियांच्या संख्येतून वसूल करावा लागतो; त्यातच काही यंत्रे केवळ आपल्याच कंपनीचा सांधा स्वीकारतात. म्हणजे निवडीचे स्वातंत्र्यही आक्रसते.

विमाधारकाने आणखी एक गोष्ट तपासावी. विमा नियामकाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया आधुनिक उपचारांच्या यादीत घेतली, त्यामुळे ती सरसकट नाकारता येत नाही. तथापि पॉलिसीत तिच्यासाठी वेगळी उपमर्यादा असू शकते, आणि हे पुष्कळदा दाखल झाल्यावरच कळते.

वजन घटविणे आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांनी सुरुवातीच्या अवस्थेतील अनेक गुडघ्यांची शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, हे कोणत्याही फलकावर लिहिलेले आढळत नाही. स्वीडनमध्ये १९७५ पासून गुडघेबदलांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. कोणता सांधा किती वर्षे टिकला, हे तेथे आकड्यांनिशी सांगता येते. आपल्याकडील अस्थिरोगतज्ज्ञांची नोंदवही ऐच्छिक आहे. ती सक्तीची झाली, तर यंत्राने केलेले आणि हाताने केलेले गुडघे भारतीय रुग्णांत कसे टिकतात, याचे उत्तर इथल्याच आकड्यांतून मिळू शकेल.